भुऱ्या केसांच्या लेकराला चिडवतात तेव्हा काय करायचं

विदर्भातल्या खेड्यात लेकराचे केस जरा तांबूस असले की त्याला दुसरं नाव मिळायला वेळ लागत नाही. भुऱ्या, भुरी, लाल्या, इंग्रज, मक्याचं कणीस. बारशाचं नाव हजेरीपटात राहतं आणि हे दुसरं नाव गावभर फिरतं. बोलणारा एकदा बोलून मोकळा होतो. लेकरू मात्र तेच नाव हापशीवर ऐकतं, खिचडीच्या रांगेत ऐकतं, एसटीत ऐकतं, आणि एक दिवस भर सावलीतसुद्धा टोपी काढेनासं होतं.

हे चिडवणं थांबवायची जबाबदारी लेकराची नाही, मोठ्यांची आहे. लेकराला शिकवायचं ते एवढंसं असतं, दोन-तीन वाक्यं आणि थोडी सवय. बाकीचं काम घराचं, शाळेचं आणि गावाचं. कामाचा क्रमही पाळायला हवा: आधी केसांचं कारण, मग घर, मग लेकरू, मग शाळा. कारण माहीत नसेल तर घरच्यांच्याच मनात शंका राहते, आणि मनात शंका असलेला बाप दुसऱ्याला ठामपणे काही सांगू शकत नाही.

केस भुरे कशानं, ते आधी बघा

सकाळच्या उजेडात लेकराला ओट्यावर पाठमोरं बसवा. केसांना तेल लावलेलं नको. कानामागचे आणि मानेजवळचे केस बोटांनी बाजूला करा, मुळाशी रंग बघा, मग तीच बट टोकापर्यंत बघत जा. कानामागं ऊन कमी लागतं, म्हणून तिथला रंग खरा समजायचा.

मुळाशी काळे आणि टोकाला तांबूस असतील तर ते उन्हाचं काम. उन्हानं केसांतला रंग उडतो, आणि आपल्याकडं मार्चपासून जूनपर्यंत ऊन कसं तापतं ते सांगायला नको. बोअरच्या जड पाण्यानं केस राठ होतात, त्यामुळं ते आणखी फिके दिसतात. टोकं कापा, खोबरेल लावा, उन्हात डोक्याला दुपट्टा बांधा. एवढ्यावर विषय संपतो.

मुळापासून टोकापर्यंत रंग एकसारखा, केस दाट आणि चमकदार, लेकरू खेळतंय, वजन वाढतंय, तर तो जन्माचा रंग आहे. आपल्या केसांत दोन तऱ्हेचे रंग असतात, एक काळा-तपकिरी आणि एक तांबडा-पिवळा. पहिला जास्त असला की केस काळे, कमी असला की दुसरा वर दिसतो. पुष्कळ लेकरांचे केस पहिली दोन-तीन वर्षं भुरे असतात आणि पुढं आपोआप काळे होतात, काहींचे तसेच राहतात. दोन्हीत आजार नाही, औषधाचं काम नाही.

तिसरी शक्यता पोषणाची आहे आणि ती कधीच नजरेआड करू नये. पूर्वी काळे असलेले केस काही महिन्यांत तांबूस, विरळ, राठ झाले, हलकं ओढलं तरी चार-दोन हातात येतात आणि लेकराला दुखतही नाही, कधी एकाच केसावर काळा-फिका-काळा असे पट्टे दिसतात, तर अंगाला प्रथिनं आणि एकूणच अन्न कमी पडतंय असं समजा. दुसरं बाळ झालं, पहिल्याचं अंगावरचं दूध तुटलं आणि त्याच्या ताटात नुसती पोळी किंवा भात राहिला, अशा एक ते तीन वर्षांच्या लेकरांत हे जास्त होतं. घरीच एक तपासणी करा. लेकराच्या दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठा ठेवा, मनात एक-दोन-तीन म्हणेपर्यंत घट्ट दाबा आणि उचला. दोन्ही पायांवर खड्डा तसाच राहिला तर ती सूज आहे. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, उद्यावर टाकू नका. सुजलेलं लेकरू बाळसेदार दिसतं, गाल भरलेले वाटतात, आणि घरचे फसतात ते नेमके इथंच.

सूज नसली तरी अंगणवाडी ताईकडून दंडघेर मोजून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर मध्यम. तीव्र कुपोषणात गरज पडली तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करून घेतात. मजुरी बुडते म्हणून आया तिथून लवकर निघू बघतात. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी घर आणि धाकटं बाळ सांभाळून तिला तिथं राहू द्यावं. खाणं सुधारल्यावर केस लगेच काळे होत नाहीत. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणून काळा रंग आधी मुळाशी दिसतो आणि टोकापर्यंत यायला कित्येक महिने लागतात. तोवर अंडं, तुरीचं वरण, शेंगदाणे, फुटाणे, दूध हे चालूच ठेवायचं. मात्र ज्या लेकराचा रंग जन्माचा आहे त्याला कितीही अंडी खाऊ घातली तरी रंग बदलणार नाही. त्याच्या ताटावर केसांचा विषय काढू नका.

चौथी शक्यता जन्मतःच अंगात रंग कमी तयार होण्याची, म्हणजे रंगहीनतेची. अशा लेकराचे केस पांढरेच असतात असं नाही, पिवळसर, तांबूस किंवा फिके तपकिरीही असतात. कातडी घरातल्या इतरांपेक्षा पुष्कळ उजळ, डोळे फिके, बाहेर पडलं की डोळे बारीक करतं, बुबुळं सारखी थरथरतात, पुस्तक नाकाशी धरतं. गावात याला कोड म्हणून मोकळे होतात, पण हे कोड नाही, आणि ते कोणाला लागतही नाही. याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायलाच हवं, कारण नजर बहुतेक वेळा अधू असते आणि चष्म्यानं थोडीफार मदत होते. अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. पथक पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी देतं. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, उघड्या अंगाला एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन दर दोन तासांनी, आणि अकरा ते चार उन्हात नाही. वर्गात पहिला बाक, पण खिडकीच्या झळीपासून दूर. नजर ठरावीक मर्यादेपेक्षा कमी भरली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अंधुक दृष्टीचं प्रमाणपत्र मिळतं. मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांसाठी शाळेमार्फत गट साधन केंद्राकडं मागणी करा.

अगदी गाजरासारखे लाल केस आपल्याकडं फार दुर्मीळ. ते स्कॉटलंड आणि आयर्लंडकडं जास्त दिसतात, आणि त्यामागं एमसी१आर नावाचं जनुक, म्हणजे आई-बापांकडून लेकरात येणारी गुणाची खूण असते. तिकडं ब्रिटनमध्येही शाळेत लाल केसांच्या मुलांना चिडवतात. म्हणजे तो रंग जिथं ओळखीचा आहे तिथंही मुलं सुटत नाहीत. आपल्या लेकराच्या केसांत खोट शोधत बसण्यात अर्थ नाही.

“कोणावर गेलं?”

या प्रश्नानं लेकराइतकंच आईलाही जखमी केलं जातं. दोघं काळ्या केसांचे, मग पोर भुरं कसं? लग्नात, तेराव्याला, पंगतीत कोणी हे हसत विचारतं आणि जवळ उभं असलेलं लेकरू सगळं ऐकतं. सात-आठ वर्षांच्या लेकराला त्यातला डंख कळतो, नीट अर्थ कळला नाही तरी.

घरातल्या मोठ्यांना हे कागदावर नको, धान्यावर समजावून सांगा. अख्ख्या काळ्या उडदाचे दोन दाणे आणि मसूर डाळीचे दोन दाणे घ्या. दाणा म्हणजे रंगाचं जनुक समजा: उडीद काळ्या केसांचं, मसूर भुऱ्या केसांचं. आईच्या हातात एक उडीद, एक मसूर. बाबांच्या हातातही तसंच. काळा रंग वरचढ, म्हणून जोडीत एक जरी उडीद असला तरी केस काळे. त्यामुळं आई-बाबा दोघंही काळ्या केसांचे. आता लेकराला दोघांकडून एकेक दाणा मिळतो. चारच जोड्या होतात: उडीद-उडीद, उडीद-मसूर, मसूर-उडीद आणि मसूर-मसूर. पहिल्या तीनमध्ये केस काळे, चौथीत भुरे. दर वेळी चारातली एक शक्यता. रंगहीनतेत हिशेब असाच चालतो. साध्या भुऱ्या केसांत अनेक जनुकं मिळून काम करतात, तरी आई-बापांत दडलेला रंग लेकरात वर येतो हे तिथंही खरं. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालं असेल तर दोघांकडं तोच मसूर असण्याची शक्यता वाढते, कारण तो एकाच आजी-आजोबांकडून आलेला असू शकतो.

हे दाणे आजीच्या हातात देऊन तिलाच जोड्या लावायला सांगा. आजीला पटलं की अर्धं गाव गप्प बसतं. आणि बापानं चारचौघांत एकदा स्पष्ट बोलायला हवं: “माह्यंच लेकरू हाय, माह्या घराण्याचा रंग हाय. पुन्हा हा विषय नको.” हे बोलणं आईवर सोडू नका. तिनं बोललं तर ती सफाई वाटते, त्यानं बोललं तर विषय बंद होतो.

ग्रहणात सुरी हाती धरली, गरोदरपणी अमुक खाल्लं, म्हणून केस असे, या बोलण्यालाही थारा देऊ नका. केसांचा जन्माचा रंग गर्भ राहतो त्याच वेळी ठरलेला असतो.

केस काळे करू नका

पहिला मोह हाच होतो. बाजारातून दहा-वीस रुपयांची काळ्या रंगाची पुडी आणली, लावली, झालं. बहुतेक काळ्या डायमध्ये आणि “काळी मेंदी” म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीत पीपीडी नावाचं रसायन असतं. त्यानं टाळूला खाज येते, फोड येतात, डोळे आणि चेहरा सुजतो, आणि एकदा त्याचं वावडं झालं की ते जन्मभर राहतं. पुडी पोटात गेली तर जिवावर बेततं, म्हणून ती घरात मुलांच्या हाताशी ठेवूच नका. साधी खरी मेंदी काळं करत नाही, उलट केस आणखी लाल करते.

अंगाचं नुकसान एकीकडं, मनाचं दुसरीकडं. तीन-चार आठवड्यांत मुळाशी भुरा रंग परत दिसतो आणि वर्गात नवीन आरोळी उठते, “भुऱ्याचा रंग उडाला!” शिवाय लेकराला कळतं की घरच्यांनाही आपले केस लपवण्यासारखे वाटतात. मग चिडवणारा खरा ठरतो.

टक्कल करून नवे केस काळे येतात हाही समज सोडा. रंग केसाच्या मुळाशी, कातडीच्या आत तयार होतो. वस्तरा तिथवर पोचत नाही. टक्कल केलं की चिडवायला आणखी एक नाव मिळतं, एवढंच.

मोठं झाल्यावर स्वतःच्या मर्जीनं कोणाला रंगवायचे असतील तर ते त्याचं ठरवणं. लहानपणी आपण त्याच्या वतीनं ते ठरवू नये.

घरातलं नाव आधी बंद

टोपणनाव बहुधा घरातूनच शाळेत जातं. काका लाडानं “भुऱ्या” म्हणतो, चुलतभाऊ तेच वर्गात म्हणतो, आणि वर्गात लाड राहत नाही. लेकराला एकटं असताना विचारा: “तुले भुऱ्या म्हणलेलं आवडते का?” ते खाली बघून “चालते” म्हणालं तर ते नाही असं समजा. मग घरातल्या प्रत्येकाला, आबाजींपासून धाकट्या भावापर्यंत, एका संध्याकाळी जेवताना सांगून टाका की आजपासून खऱ्या नावानंच हाक मारायची. जुनी सवय आहे, आठ-दहा दिवस चुका होतील. चूक झाली की त्याच क्षणी खरं नाव घेऊन पुन्हा हाक मारायची, वाद घालायचा नाही.

“माझा गोरा साहेब”, “परदेशी दिसते माझी बाई” असलं कौतुकही आवरा. हेतू चांगला असतो, पण त्यातूनही लेकरू बाकीच्यांपासून वेगळं पडतं. धावतं छान, गणित पटकन सोडवतं, वासराला हळू पाणी पाजतं, अशा त्यानं केलेल्या गोष्टींचं कौतुक करा.

लेकरू सांगायला लागलं की

“दुर्लक्ष कर” हे वाक्य तोंडी येऊ देऊ नका. पंचवीस जणांच्या वर्गात, एकाच रस्त्यानं जाता-येता दुर्लक्ष कसं करायचं हे मोठ्यांनाही जमत नाही. “तू पण दोन ठेवून दे” हेही नको. मारामारी झाली की गुरुजींना शेवटचा फटका दिसतो, आधीची दहा बोलणी दिसत नाहीत, आणि शिक्षा तुमच्या पोराला होते.

समोर बसवून उलटतपासणी करू नका. भाजी निवडताना, गोठा झाडताना, शेतातून येताना शेजारी चालत विचारा. डोळ्याला डोळा नसला की लेकरू जास्त बोलतं. काय म्हणतात, कुठं, कोण असतं, तेव्हा तू काय करतोस, एवढंच. मग म्हणा, “सांगितलं ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही. यावर काय करायचं ते आपण मिळून ठरवू.”

त्याच रात्री जुन्या वहीच्या पानावर तारीख, जागा, कोणी काय शब्द वापरले, तिथं आणखी कोण होतं, हे लिहायला सुरुवात करा. लेकरासमोर लिहू नका. आठ-दहा ओळी जमल्या की चित्र दिसायला लागतं. बहुधा सगळी शाळा चिडवत नसते. दोघं-तिघं असतात, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी: परिपाठाआधीची दहा मिनिटं, खिचडीची रांग, सुटल्यावर नाल्यापर्यंतचा रस्ता. जागा आणि वेळ कळली की निम्मं काम सोपं होतं, कारण तिथं एक मोठा माणूस किंवा दोन मित्र ठेवता येतात.

उत्तराची तालीम

उत्तर छोटं हवं आणि ते रडू न येता म्हणता यायला हवं. तोंडपाठ नसेल तर ऐन वेळी जीभ वळत नाही. म्हणून रोज रात्री दहा मिनिटं, पाच-सहा दिवस, ओसरीवर तालीम घ्या.

आई किंवा बाबा चिडवणारा होतात. पहिल्या दिवशी सगळ्यात सौम्य शब्द घ्या, सगळ्यात लागणारा शब्द चौथ्या-पाचव्या दिवशी, तेही लेकरानं हो म्हटलं तरच. लेकरानं दोन्ही पाय टेकवून उभं राहायचं, समोरच्याच्या कपाळाकडं बघायचं (डोळ्यात बघणं जड जातं), आवाज नेहमीचा ठेवायचा, वाक्य एकदाच म्हणायचं आणि मित्राकडं किंवा बाईंकडं चालत जायचं. धावायचं नाही. धावलं की मागं लागतात.

वाक्यं लेकराच्या बोलीतली असावीत. पुस्तकी वाक्य म्हटलं तर त्याचंच हसं होतं. ही चालतात:

“हो, भुरेच हायेत. मंग?”

“मले नावानं हाक मार, तवा येतो.”

“काल बी हेच म्हणलं होतं तुनं.”

पहिलं बहुतेकांना जमतं. त्यात नाकारायला काही उरत नाही आणि समोरच्याला पुढं काय बोलावं ते सुचत नाही. दुसऱ्यासोबत एक नियम पाळावा लागतो: टोपणनावाला ओ द्यायचीच नाही, कोणीही मारो. उलट शिवी, समोरच्याच्या काळ्या रंगावर, जातीवर, बापाच्या दारूवर टोमणा, हे घरात हसण्यावारीसुद्धा शिकवू नका. भांडण केसांवरून सुरू होतं आणि दोन घरांपर्यंत जातं.

पहिले चार-आठ दिवस चिडवणं वाढतं. चिडवणाऱ्याला नेहमीचं रडणं मिळालेलं नसतं, म्हणून तो जोर लावून बघतो. ही गोष्ट लेकराला आधीच सांगून ठेवा. नाहीतर तिसऱ्या दिवशी ते म्हणतं, “तू सांगितलेलं काही कामाचं नाही”, आणि सगळी तालीम वाया जाते.

उत्तरापेक्षाही उपयोगी पडतो तो सोबती. एक पक्का मित्र असलेलं लेकरू एकट्यापेक्षा कमी वेळा सापडतं. शेजारच्या मुलाला घरी बोलवा, तान्ह्या पोळ्याला दोघांचे लाकडी बैल एकत्र सजवू द्या, शाळेत जाता-येता त्याच्यासोबत धाडा. मैत्री हुकमानं होत नाही, पण सोबत राहायची संधी आपण देऊ शकतो.

शाळेत कसं बोलायचं

चिडवणाऱ्याच्या घरी तावातावानं जाऊ नका, आणि त्या पोराला रस्त्यात अडवून दम तर अजिबात देऊ नका. तुम्ही दिसता तोवर तो गप्प राहतो. नंतर तुम्ही नसलेली जागा शोधतो. खेड्यात दोन घरांत बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून आधीच काही असेल तर केसांचा विषय बाजूला पडतो आणि जुनंच उकरलं जातं.

वर्गशिक्षकांना शाळा सुटल्यावर भेटा. परिपाठाच्या वेळी, सगळ्या मुलांदेखत नाही. वही सोबत न्या, तक्रारीच्या सुरात सुरुवात करू नका. “सर, वर्गात केसांवरून नाव पडलं आहे, हे बघा आठ दिवसांत काय काय झालं.” मग नेमकी मागणी करा: हजेरी आणि हाक नावानंच, खिचडीच्या रांगेत आठ दिवस लक्ष, बसायला अमुक मित्राशेजारी जागा. “जरा बघा सर” म्हणून परत आलात तर काही होत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा येतो, असं तिथंच सांगा आणि जा.

शिक्षकांनी एक गोष्ट टाळावी. लेकराला सगळ्यांसमोर उभं करून “याला कोणी चिडवायचं नाही” असं सांगू नये. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही माहीत होतं, आणि उभं राहिलेलं लेकरू जमिनीत जातं. चिडवणाऱ्याशी एकट्याशी बोलावं. दोघं-तिघं असतील तर प्रत्येकाशी वेगळं बोलावं, एकत्र बोलावलं की ते एकमेकांकडं बघून हसतात.

सगळ्या वर्गासाठी एक तास मात्र घेता येतो. प्रत्येकानं घरून कंगव्यात अडकलेला स्वतःचा एक केस कागदाच्या घडीत आणायचा. तो पांढऱ्या कागदावर ठेवून बघायचा, मग उजेडाकडं धरून भिंगातून बघायचा. काळा म्हणून आणलेला केसही उजेडात तपकिरी, लालसर दिसतो, आणि मुलं स्वतःच ओरडतात, “सर, माह्याही भुरा हाय!” त्यानंतर कापसाचं सांगावं: कापूस पांढराच असतो असं आपण धरून चालतो, पण नैसर्गिक तपकिरी कापूसही असतो आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं त्यावर काम केलं आहे. ज्या लेकराला चिडवतात त्याचा केस नमुना म्हणून मागू नये, त्याचं नावही त्या तासात निघू नये.

दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा शिक्षकच टोपणनावानं हाक मारत असतील, तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. तोंडी बोलणं विरून जातं, कागद राहतो. एवढा मजकूर पुरतो:

“मा. मुख्याध्यापक यांस, माझा पाल्य इयत्ता तिसरीत शिकत आहे. त्याच्या केसांच्या रंगावरून शाळेत व शाळेच्या वाटेवर त्याला सतत चिडवले जाते. तारखा व ठिकाणे सोबत जोडली आहेत. याबाबत वर्गशिक्षकांना दिनांक … रोजी भेटलो. कृपया सात दिवसांत योग्य ती कार्यवाही करावी व मला कळवावे. या अर्जाची पोच मिळावी.”

दोन प्रती काढा, एकीवर सही-शिक्का घ्या. पुढची पायरी शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, म्हणून तिथं बोलायला संकोच नको. त्याच २००९ च्या कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला मनाई आहे. शिक्षकच नाव ठेवत असतील तर ते कलम अर्जात लिहा. त्यावर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी.

आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहणाऱ्या लेकराची गोष्ट जास्त कठीण, कारण त्याला संध्याकाळी घर नसतं. तिथं अधीक्षक किंवा अधीक्षिकेशी बोला, झोपायची जागा मित्राशेजारी मागा, आणि फोनवर बोलायचा एक ठरलेला वार पाळा. वार चुकवू नका. लेकरू तो दिवस मोजत असतं.

मुलींचं थोडं वेगळं

भुऱ्या केसांच्या मुलीला सहावी-सातवीपासून दुसरंच ऐकावं लागतं: “इचं लग्न कसं जमन?” नात्यातल्या बायाच हे तिच्यासमोर बोलतात. त्यांना तिथंच थांबवा, नंतर नाही. “पोरीसमोर हे बोलणं नको” एवढं पुरे. मुलगी आरशासमोर जास्त वेळ बसू लागली, गॅदरिंगच्या नाचातून नाव मागं घेतलं, उन्हाळ्यातही डोक्यावरची ओढणी काढेना, तर तिच्याशी आईनं, मावशीनं किंवा आशा ताईनं निवांत बोलावं.

आपलंच पोर चिडवत असेल तर

कोणी सांगायला आलं की “आमचं पोट्टं तसं नाही” म्हणून दार लावू नका. मारूही नका. मार खाल्लेलं पोर तो राग दुसऱ्या दिवशी त्याच लेकरावर काढतं. शांतपणे विचारा, काय म्हणालास? शब्द त्याच्याच तोंडून येऊ द्या. मग सांगा की ते नाव आजपासून बंद. “सॉरी” सगळ्यांसमोर वदवून घेऊ नका. आठवडाभर एक काम द्या, त्याच मुलाला खेळात घ्यायचं, नावानं हाक मारायची. आणि घरात कोणाच्या रंगावरून, उंचीवरून, बोबडेपणावरून हसत असाल तर ते थांबवा. पोर ते तिथंच शिकलेलं असतं.

कधी वाट पाहू नये

शाळेच्या दिवशीच सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं, स्वतःचे केस कापतं किंवा उपटतं, जेवण तुटलं, मित्रांकडं जाणं बंद झालं, असं दोन आठवडे चाललं तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा. “मले जगायचं नाही” असं लेकरू चुकून बोललं तरी ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं आणि दोर कुलपात टाका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या. टेलिमानस १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक. दोन्ही मोफत, दिवसरात्र चालू.

नवी शाळा, जूनचा शेवट

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, आणि नावं पहिल्या आठवड्यातच पडतात. पाचवीला किंवा आठवीला लेकरू दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार असेल तर तो आठवडा मोकळा सोडू नका. शाळा उघडण्याच्या दोन-तीन दिवस आधी वर्गशिक्षकांना भेटून केसांचं कारण दोन वाक्यांत सांगा. मेमध्ये पुसट झालेली तालीम पुन्हा चार रात्री घ्या. पहिल्या दिवशी नवीन वर्गात कोणी नाव विचारलं तर पूर्ण नाव, मोठ्यानं, न थांबता सांगायची सवय करून घ्या. जुन्या गावातलं जे पोर त्याच वर्गात जाणार आहे, त्याला घरी बोलवून चहा-पोहे द्या आणि साधं सांगा: “तिकडं इले नावानंच हाक मारजो बाबू, जुनं नाव गावातच राहू दे.”